खिडकी नेमकी कधी उघडायची? शहरातली हवा, घरातली हवा आणि आमच्या फोडणीचा आकडा

आम्ही चेंबूरचे. चेंबूरला गॅस चेंबर म्हणायची जुनी गंमत आहे, एका बाजूला माहुलच्या रिफायनऱ्या, दुसऱ्या बाजूला देवनारचं डम्पिंग ग्राउंड आणि मधे उरलेल्या जागेत जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट. आमच्या शेजारची बिल्डिंग गेली दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीत टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ रोज सकाळी, त्यात आईला आधीपासून दमा, त्यामुळे घरात सतत एकच वाद, खिडक्या उघड्या ठेवायच्या की लावायच्या. बाबांचं म्हणणं सकाळची हवा शुद्ध, सगळं उघडा. माझं म्हणणं सगळं बंद. शेवटी वैतागून मी एक छोटा मीटर मागवला, हातात मावेल एवढा, हवेतलं पीएम २.५, म्हणजे धुराधुळीचे अगदी बारीक कण, मोजणारा (आकडा जेवढा मोठा तेवढी हवा वाईट), म्हटलं होऊन जाऊ दे एकदाचं. आणि झालं काय तर बाबा आणि मी दोघंही चुकीचे निघालो.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता बाल्कनीत मीटर ८८ दाखवत होता, हॉलमध्ये सत्तरच्या आसपास. मग आईने पोह्यांची फोडणी टाकली, मोहरी, हिंग, मिरच्या, तेल चांगलं तापलेलं, मीटर ओट्यावरच होता, दोन मिनिटांत ४१२. आई म्हणाली, "बिघडलाय तुझा मीटर." बाल्कनीत नेला तर थोड्या वेळात ९० वर आला, ओट्यावर परत आणला की परत चढला. पोहे खाऊन झाले, चहा झाला, पाऊण तासाने बेडरूममध्ये जाऊन बघितलं, जिथे कोणी काही शिजवलं नव्हतं, तर तिथे १५०. म्हणजे ज्या बिल्डरला आम्ही शिव्या घालत होतो तो निदान त्या पाऊण तासापुरता तरी निर्दोष होता.

तर गेल्या दोन थंड्यांत जे कळलं ते लिहून ठेवतेय. बाहेरची हवा आपल्या हातात नाही, पण घरातली बरीचशी आपणच खराब करतो, आणि कुठली खिडकी किती वाजता उघडायची एवढं जमलं तरी अर्धं काम होतं.

ॲपवरचा आकडा वाचायचा कसा

आपल्याकडचा सरकारी एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, २०१५ मध्ये सुरू झाला, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ तो काढतं आणि त्यांचं समीर नावाचं ॲप आहे. त्यात आठ गोष्टी धरलेल्या आहेत: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. यातलं जे जे हवा मोजायच्या त्या त्या केंद्रावर मोजलं जातं त्या प्रत्येकाचा वेगळा निर्देशांक निघतो आणि त्यातला सगळ्यात वाईट जो असेल तोच एक्यूआय म्हणून दाखवतात. सगळ्यांची सरासरी काढत नाहीत. सात विषयांत डिस्टिंक्शन आणि एकात नापास, तर प्रगतिपुस्तकावर नापासच, तसं. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्याच्या वर गंभीर. आता मध्यम म्हटलं की आपल्याला वाटतं चालतंय की, पण दमेकऱ्याला १५० च्या मध्यम हवेत व्यवस्थित त्रास होतो, आमच्या घरी पंप त्याच दिवशी जास्त लागतो.

दुसरी भानगड म्हणजे दोन ॲप दोन आकडे दाखवतात आणि मग लोक सोसायटीच्या ग्रुपवर भांडतात. यात खोटं कोणीच बोलत नसतं, मोजपट्टी वेगळी असते. पीएम २.५ जर एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या सरकारी पट्टीवर तो बरोबर १०० येतो, म्हणजे समाधानकारक, आणि तीच हवा अमेरिकन पट्टीवर १५० च्या वर जाते, तिथे रंग लाल. बरीच खासगी ॲप अमेरिकन पट्टी वापरतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं म्हणणं तर असं की दिवसाची सरासरी १५ च्या वर जाऊच नये, आपली मर्यादा त्याच्या चौपट आहे. म्हणून मी एक्यूआय बघायचं जवळपास सोडलंय, ॲपमध्ये खाली जाऊन पीएम २.५ चा मायक्रोग्रॅमचा आकडा बघते. माझ्या मीटरवरचे जे आकडे इथे लिहितेय तेसुद्धा मायक्रोग्रॅमचेच, एक्यूआय नाही, हे दोन एकमेकांत मिसळू नका.

अजून एक, सरकारी एक्यूआयमध्ये धुळीचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर असतो. त्यामुळे लक्ष्मीपूजनाला रात्री दहा वाजता समोरचा टॉवर दिसेनासा झाला तरी ॲप निवांत असतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हवा निवळली तरी ॲप लालच. आत्ता खिडकी उघडू का, या प्रश्नाला तो आकडा उपयोगाचा नाही, त्यासाठी तासाचा आकडा किंवा स्वतःचा मीटर.

आणि सगळ्यात जास्त प्रदूषण कशाचं आहे तेही ॲपवर लिहिलेलं असतं, ते जरूर बघा, लोक बघत नाहीत. पीएम १० असेल तर ती जाडी धूळ, रस्त्याची, बांधकामाची, ती खिडकी लावून आणि ओल्या फडक्याने बरीच आटोक्यात येते. पीएम २.५ असेल तर ते जळण्याचं काम, गाड्यांचा धूर, कचरा, कोळसा, भट्ट्या. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन धरा म्हणजे अंदाज येईल, मच्छरदाणीची जाळी त्यांना काय अडवणार, खिडक्यांच्या रुळातल्या फटीतूनसुद्धा ते आरामात येतात.

खिडकीचं टाइमटेबल

बाबांची सकाळची शुद्ध हवा ही मुंबईच्या थंडीत चक्क उलटी निघाली. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा थंड, वर गरम हवेचा थर, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं, रात्रभराचा सगळा धूर त्या झाकणाखाली. वारा पण रात्री जमिनीकडून समुद्राकडे आणि तोही मरतुकडा. सूर्य वर आला की झाकण उचललं जातं आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तो सगळं ढकलून नेतो. आमच्याकडे जानेवारीत सकाळी सातला ८०-९०, आणि दुपारी दोन-तीनला तोच मीटर त्याच बाल्कनीत ३५-४०. मग रात्री आठनंतर परत चढायला लागतो.

म्हणून थंडीत आमच्या घरचा नियम असा की सकाळी खिडक्या बंद, साधारण बारा ते चार सगळं सताड उघडं, संध्याकाळी दिवेलागणीला परत बंद. पावसाळ्यात हा नियम गुंडाळून ठेवायचा, पाऊस हवा धुऊन काढतो, जून ते सप्टेंबर मजा आहे, तेव्हा काळजी भिंतीच्या ओलीची आणि बुरशीची. पुण्यात समुद्र नाही, तिथल्या लोकांनी थंडीत ऊन नीट चढून धुरकं विरायची वाट बघायची, घाईने सकाळी आठला खिडकी उघडायची नाही.

आमच्यासारखं शेजारी काम चालू असेल तर अजून एक पोटनियम. साइटवर काम बंद कधी असतं ते बघून ठेवा. आमच्याकडे एक ते दोन जेवणाची सुट्टी असते, तेव्हा साइटकडची खिडकी उघडते, बाकी वेळ रस्त्याकडची, कारण आमचा रस्ता गल्लीतला आहे, हायवेला लागून असाल तर उलटं करावं लागेल.

पण कायम बंद करून बसणं हाही उपाय नाही, हे माझं चुकलेलं होतं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसं दार लावून रात्रभर झोपली की कार्बन डायऑक्साइड सहज २००० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत दोन हजार) जातो, बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. सकाळी डोकं जड, तोंड सुकलेलं, आणि आपण म्हणतो एसी बाधला. आम्ही आता रात्री बेडरूमचं दार हॉलकडे थोडं उघडं ठेवतो, बिल वाढतं थोडं, वाढू दे.

स्वयंपाकघर, म्हणजे आमचा खरा गुन्हेगार

फोडणी बंद करा असं मी सांगणार नाही, सांगितलं तर घरातून हाकलतील. पण फोडणीच्या आधी एक्झॉस्ट लावायचा, नंतर नाही. आपल्याकडे ठसका लागला, शेजारचे खोकले की मग बटण दाबायची पद्धत आहे, तोवर धूर बेडरूममध्ये पोचलेला असतो. गॅस पेटवायच्या आधी एक मिनिट चालू, स्वयंपाक झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालू, आणि स्वयंपाकघराला दार असेल तर तेवढा वेळ लावून घ्यायचं. तेल धूर निघेपर्यंत तापवायचं नाही, मोहरी तडतडायला तेवढी गरज नसते, आणि पळीतली फोडणी ओतली की वर लगेच झाकण. एवढ्यावर आमचा ४१२ चा आकडा १४०-१५० वर आला, एक पैसा खर्च न करता. आता हे छोटे मीटर वाफेलाही फसतात, कुकरची शिट्टी झाली की उगाच उड्या मारतात आणि दमट दिवसांत जास्तच दाखवतात, त्यामुळे माझे आकडे अगदी लॅबचे धरू नका, आधी आणि नंतरचा फरक धरा.

एक्झॉस्ट हवा बाहेर टाकतो म्हणजे तेवढीच हवा दुसरीकडून आत येणार, हे डोक्यात ठेवा. आमच्याकडे ती बाथरूमच्या काचपट्ट्यांमधून यायची, म्हणजे थेट साइटच्या बाजूने. आता स्वयंपाक करताना हॉलची रस्त्याकडची खिडकी चार बोटं उघडी ठेवतो.

चिमणी असेल तर तिचा पाइप कुठे गेलाय ते एकदा वाकून बघा. पाइप नसलेली चिमणी येते, ती तेल धरते, वास थोडा कमी करते आणि बाकी हवा परत तुमच्याच तोंडावर सोडते. जुन्या बिल्डिंगमध्ये पाइप डक्टमध्ये सोडलेला असतो आणि खालच्यांचे बोंबील वरच्यांच्या बाथरूममध्ये. शक्य असेल तर पाइप थेट बाहेरच्या भिंतीतून काढा, छोटा आणि कमी वळणांचा.

आता नाजूक विषय, देवघर. उदबत्ती, धूप, कापूर, हा सगळा धूरच आहे, देवाला वाहिलेला असला तरी फुप्फुसाला फरक कळत नाही. आईला मी सरळ बंद कर म्हटलं असतं तर रामायण झालं असतं, म्हणून मीटर नुसता देवघराच्या फळीवर ठेवला. दोन दिवस तिने बघितलं, तिसऱ्या दिवशी दोन उदबत्त्यांची एक झाली आणि आता ती दुपारी, खिडक्या उघड्या असताना लागते, संध्याकाळी नुसतं निरांजन. मच्छर कॉइल मात्र खरंच बंद करा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण सोडते असं निघालं होतं, आणि आपण ती बंद खोलीत पलंगाखाली लावून बाळाला झोपवतो. जाळी, मच्छरदाणी, पंखा, हे बरं.

गॅस गिझरबद्दल दोन ओळी, विषय थोडा वेगळा आहे पण हा जिवाचा आहे. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावलेला असेल तर आजच तो बाहेर काढून बसवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आंघोळ करताना चक्कर येते आणि दार आतून बंद. दर थंडीत अशा बातम्या येतात.

झाडू सकाळी खिडक्या बंद असताना कोरडा मारला की बसलेली सगळी धूळ उठते आणि पुढचा तासभर आपण ती श्वासात घेतो. आधी ओलं फडकं, किंवा पोछाच दोनदा. खिडकीची जाळी आणि रूळ आठवड्यातून एकदा ओल्या कापडाने, पंख्याची पाती महिन्यातून एकदा, उशीच्या जुन्या अभ्र्यात पातं घालून ओढायचं म्हणजे धूळ खाली पडत नाही.

झाडांबद्दल लोक विचारतात. स्नेक प्लांट, मनी प्लांट जरूर लावा, छान दिसतात. हवा शुद्ध होते ही गोष्ट १९८९ च्या नासाच्या एका प्रयोगावरून पसरली, तो प्रयोग छोट्या हवाबंद पेटीत होता. घरात तोच परिणाम हवा असेल तर चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील असा हिशोब २०१९ मध्ये मांडला गेलाय, मग आपण झोपायचं कुठे?

प्युरिफायर घ्यायचाच असेल तर

आधी वर लिहिलेलं सगळं करून बघा, मग घ्या. घरात दमा, लहान बाळ, हृदयाचा पेशंट असेल तर घ्याच, आणि पहिला बेडरूममध्ये, कारण सलग सात-आठ तास आपण तिथेच असतो. हॉलमध्ये शोभेला ठेवून बाल्कनीचं दार उघडं टाकलं तर तो बिचारा अख्ख्या चेंबूरची हवा गाळत बसेल.

बॉक्सवर दोनच गोष्टी बघायच्या. एक, खरा हेपा फिल्टर, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडणारा, हेपासारखा, हेपा टाइप असली भाषा असेल तर खाली ठेवा. दुसरं सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो. गणित सोपं आहे: दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, १२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तासाला ही हवा पाच वेळा गाळून निघायला हवी म्हणजे १७० सीएडीआर. पण तो आकडा फुल स्पीडचा असतो आणि फुल स्पीडला मशीन एवढं गुरगुरतं की रात्री कोणीतरी उठून बंद करतंच, म्हणून २५०-३०० चा घ्या आणि मधल्या स्पीडवर चालवा. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आयोनायझरचं, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडायचं, बटण असेल तर ते बंदच ठेवा, त्यातून ओझोन तयार होऊ शकतो, दमेकऱ्याला तो आणखी वाईट. आणि मशीन घ्यायच्या आधी फिल्टरची किंमत विचारा, मशीन स्वस्त आणि फिल्टर महाग हा प्रिंटरच्या शाईसारखा धंदा आहे.

आमच्या पहिल्या फिल्टरचं काय झालं ते सांगते. आईने तो एसीच्या जाळीसारखा काढला, नळाखाली साबण लावून मस्त धुतला, गच्चीत वाळवला आणि परत बसवला, वर मला कौतुकाने सांगितलं की केवढी काळी घाण निघाली. हेपाचा कागद पाण्याने खलास होतो. मीटर धरून बघितला तर बाहेर येणारी हवा जवळपास खोलीतल्या हवेसारखीच. पुढची जाळी धुवायची, तीवर व्हॅक्यूम फिरवायचा, आतला हेपा धुवायचा नाही, बदलायचा.

बजेट नसेल तर टेबल फॅनला समोरून गोल हेपा फिल्टर बांधूनही काम होतं, दिसायला अगदीच जुगाड, सीएडीआर कमी, पण छोट्या बेडरूममध्ये फरक पडतो. मशीनच्या हेपाने वायू आणि वास मात्र जात नाहीत, त्याला कोळशाचा फिल्टर लागतो आणि मशीनमधला तो पातळ पापुद्रा फार दिवस पुरत नाही. नवीन रंगाचा वास असेल तर खिडकी हाच उपाय.

बाहेर पडताना, आणि सोसायटीत

मास्क घालायचा तर एन ९५, नाकावर घट्ट, दाढी असेल तर फटीतून बरीच हवा तशीच आत जाते. रुमाल बांधून स्कूटरवर जाणं म्हणजे जाड धूळ अडते एवढंच. रिक्षाला काही इलाज नाही, कारमध्ये ट्रॅफिकला आतली हवा फिरवायचं बटण चालू करा, लांबच्या प्रवासात अधूनमधून बंद करा नाहीतर झोप येते.

बाबांचा डायमंड गार्डनचा पहाटे साडेपाचचा वॉक मी दोन महिने बोलून बोलून बंद करू शकले नाही. शेवटी मीटर त्यांच्याच खिशात दिला. आता जानेवारीत ते दुपारी साडेचारला जातात, कट्ट्यावरचे मित्र नाराज आहेत, दोघं आता यांच्याबरोबर येतात.

वॉचमन थंडीत गेटवर शेकोटी पेटवतात, सुकी पानं, खोक्याचे तुकडे, कधी रबर-प्लास्टिकही. त्यांना ओरडून काय होणार, थंडी वाजते म्हणून पेटवतात. आमच्या सोसायटीने दोन ब्लँकेटं आणि केबिनमध्ये छोटा इलेक्ट्रिक हीटर दिला, शेकोटी बंद. बांधकामासाठी मुंबई महापालिकेचे ऑक्टोबर २०२३ चे नियम आहेत, साइटभोवती उंच पत्रे, एक एकरापेक्षा मोठ्या प्लॉटला ३५ फूट आणि लहानाला २५, बिल्डिंगला हिरवं कापड किंवा ज्यूट, पाणी मारणं, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं. आमच्या शेजारी पत्रे होते पण कापड फाटून लोंबत होतं. नुसती तोंडी तक्रार हवेतच जाते, आम्ही चार दिवस त्याच जागेवरून, तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढले, सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला पत्र, महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार करून तक्रारीचा नंबर पत्रात टाकला. तीन आठवडे गेले पण नवीन कापड लागलं, आणि पाण्याचा फवारा आता निदान सकाळी तरी मारतात.

खर्चाचं विचाराल तर माझ्या मते आधी एक्झॉस्ट दुरुस्त करा, मग खिडक्यांच्या फटीला ब्रशची पट्टी, मग मास्क, आणि प्युरिफायर सगळ्यात शेवटी. मीटर प्रत्येकाने घ्यायची गरज नाही, एका मजल्यावर एक पुरतो. आमचा सध्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे, त्यांना त्यांच्या धुपाचं बघायचंय, रविवारी परत देते म्हणाल्यात.